दोरी खुंटीवरच ठेवायची का?

प्रश्न : आमच्या आखाड्यातला सोबती महिन्यापूर्वी बाजाराहून परतताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. वय ३४. शाळेत असताना १७ वर्षांखालील गटात तालुका, जिल्हा आणि विभाग जिंकून तो राज्य स्पर्धेपर्यंत पोचला होता; तिथे हातात आलेली कुस्ती शेवटच्या क्षणी दोनदा वर्तुळाबाहेर पाय गेल्याने त्याने गमावली. पुढे कपाशी-तुरीची शेती सांभाळून तो रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर माती भुसभुशीत करायचा, मधोमध खुंटी ठोकून अंबाडीच्या दोरीने स्पर्धेतल्या मॅटवर (गादीवर) असते तेवढे वर्तुळ आखायचा आणि गावातली आठ-दहा मुले व दोन मुली त्यात खेळवायचा. तेरवी झाली, तरी आखाडा बंदच आहे. नागपंचमीची दंगल यंदा घ्यावी की नाही, यावर गावात दोन मते आहेत. काहींना वर्गणी काढून त्याचा पुतळा उभारायचा आहे. त्याचा लंगोट आणि ती दोरी आखाड्याच्या खोलीत खुंटीला तशीच टांगलेली आहे. हात लावायचा धीर कोणालाच होत नाही. आम्ही काय करावे?
– आखाड्यातील सोबती, जि. यवतमाळ

उत्तर : मित्रांनो, तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या दोरीपाशी थांबलो. मातीत पाठ टेकेपर्यंत कुस्ती चालते. जोड आखाड्याच्या कडेला गेली की पंच तिला पुन्हा मध्ये आणून लावतात. मॅटवर मात्र ९ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरच्याला १ गुण मिळतो, आणि फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की पाठ न टेकताही निकाल लागतो. गावच्या दंगलीत भल्याभल्यांना चीत करणारी आपली पोरे शालेय स्पर्धेत जातात, दंडात बळ असूनही कडेचे भान नसल्यामुळे हरतात आणि नेमके काय चुकले ते न कळताच घरी येतात. तुमच्या सोबत्याला ते कळले होते. ज्या कडेवर त्याची कुस्ती गेली, ती कड त्याने गावातल्या लेकरांसाठी रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने आखली. त्याची याहून खरी आठवण दुसरी कोणती असेल, असे मला वाटत नाही.

तरी आधी त्याच्या घरी जा. जमाव करून जाऊ नका; दोघे-तिघे जा आणि सोबत वस्तादांना न्या. लंगोट घरच्यांचा आहे. तो घरी हवा की आखाड्यात राहावा, हे त्याची आई आणि पत्नी ठरवतील. त्यांना आज सांगवत नसेल, तर तो आहे तिथेच राहू द्या आणि पुन्हा विचारू नका. सध्या डवरणी-निंदणाचे दिवस आहेत. त्याचे वावर या हंगामात मागे पडणार नाही एवढे तुम्ही वाटून घ्या. वर्गणीची वही त्यानंतर उघडा.

दंगल जरूर घ्या. आखाडा आणखी बंद राहिला तर मोठे पुन्हा येतील, पण बारा-तेरा वर्षांची मुले एकदा सवय मोडली की परतत नाहीत, हे मी अनेक गावांत पाहिले आहे. माती उकरून, तेल, हळद आणि ताक घालून नेहमीसारखी तयार करा. पहिली जोड लागण्यापूर्वी डफडे थोडा वेळ थांबवा आणि त्याच्या शाळेतल्या कुस्त्या, ज्याला ज्या आठवतात त्याने, उभे राहून सांगा : कोणत्या गावच्या मुलाशी झाली, कोणता डाव लागला, ढाक की एकेरी पट. राज्य स्पर्धेतली हारही सांगा. ती लपवलीत, तर दोरी त्याने का आणली हे मुलांना कळायचे नाही. सांगितलेले सगळे कोणीतरी वहीत उतरवून घ्यावे; वस्तादांच्या वयाकडे पाहता हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

पुतळ्याच्या बाजूने माझे मत नाही, हे स्पष्टच लिहितो. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. त्या पैशाने एक मल्ल मॅटवर उतरला आणि कांस्यपदक घेऊन परतला. तुमची वर्गणी लहान असेल, पण तिची वाट हीच असावी. मॅटवर बुटांशिवाय उतरता येत नाही, आणि मातीत अनवाणी वाढलेला मुलगा स्पर्धेच्या सकाळी कोणाचे तरी सैल बूट मागून घालतो आणि पहिल्याच पकडीत अडखळतो. वेगवेगळ्या मापांचे कुस्तीचे बूट त्याच्या नावाच्या एका पेटीत आखाड्यात ठेवा. मुलाला बूट लहान झाले की ते पेटीत परत यावेत आणि पुढच्याच्या पायात जावेत. उरलेल्या पैशातून विभागीय स्पर्धेसाठी अमरावतीला जाण्या-येण्याचा खर्च निघेल. मुलींना यातून वगळू नका, कारण त्यानेही वगळले नव्हते.

आणखी एक सुचवतो. दरवर्षीची आठवण अपघाताच्या तारखेला ठेवू नका. खाशाबाही १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातातच गेले, पण महाराष्ट्र राज्य क्रीडा दिन पाळतो तो त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला. तुमच्या सोबत्याची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर सापडेल. त्या दिवशी फक्त मुलांच्या कुस्त्या, आणि त्याही वर्तुळात.

राहिली दोरी. ती मोठ्यांपैकी कोणी उतरवू नये. त्याच्याकडे सर्वांत जास्त दिवस शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला ती काढू द्या. तुमच्यापैकी एकाने मधली खुंटी धरावी आणि फक्की त्या लेकराने टाकावी. अंबाडीची दोरी पावसाळी हवेत ओल धरून आखडते, म्हणून आखण्यापूर्वी ती खुंटीपासून टोकापर्यंत साडेचार मीटर भरते ना, हे टेपने मोजून घ्या. कमी भरली तर तिला कापू नका, फेकूही नका. टोकाला तेवढीच नवी दोरी गाठ मारून जोडा.