मनाविरुद्ध निघालेल्या पायी भटक्यासाठी

मित्रांच्या आग्रहाखातर शहर पायी बघायला निघाला आहेस, तर आदल्या रात्रीच बोलून घे: साधारण किती चालायचं आणि मधूनच कुठून परत फिरता येईल. वाटेत मेट्रो किंवा बसचे थांबे असतील असाच रस्ता निवडायला लाव. सुटका हाताशी आहे हे ठाऊक असलं की माणूस उलट जास्त चालतो.

एकटा माणूस तासाला ४-५ किलोमीटर सहज जातो. घोळका मात्र सिग्नल, फोटो आणि ‘अरे, तो कुठे राहिला?’ यांत अडकतो. नकाशावरची वेळ न थांबता चालणाऱ्याची असते. तिच्यावर विसंबू नकोस.

नवे बूट अजिबात नकोत. फोड घर्षणाने येतात, ओल्या मोज्यांनी लवकर येतात. म्हणून कोरड्या मोज्यांचा एक जोड जवळ ठेव. टाच चुरचुरली की तिथेच थांबून पट्टी लाव, भिडेखातर रेटू नकोस.

यादीतलं सगळं बघायचा हट्ट धरणारा एक जण प्रत्येक घोळक्यात असतोच. त्याच्याशी वाद नको. भेटायची जागा आणि वेळ ठरव, त्याला जाऊ दे, तू खुशाल बाकावर बस.