कथा अर्ध्यावर का अडते?

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते आणि रात्री कथा लिहिते. तीन-चार पाने सुरळीत होतात. मग पहिल्या पानापासून दुरुस्त्या सुरू होतात आणि कथा तशीच पडून राहते. माझ्यात प्रतिभाच नाही, असे समजावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तसे मुळीच समजू नका. तुमच्या पत्रावरून दिसते ते एवढेच, की कच्चा खर्डा आणि त्याचे संस्करण ही दोन वेगळी कामे तुम्ही एकाच बैठकीत उरकू पाहता. खर्डा लिहिताना पुढे काय घडते याची ओढ हवी, तर संस्करण करताना प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहावे लागते. या दोन वृत्ती एका वेळी नांदत नाहीत.

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. अंक वेळेवर निघायचा तर मजकूर हातात हवाच; तिथे लहर लागण्याची वाट पाहणे परवडणारे नव्हते. त्यांच्या पाल्हाळाबद्दल समीक्षकांनी केलेली तक्रार मला रास्त वाटते, कारण साप्ताहिकाच्या धावपळीत काटछाटीला सवड कुठून मिळणार? तरीही त्या कादंबरीच्या नायिकेची, यमूची, कहाणी पुरी झाली, म्हणूनच ती आज आपल्याला वाचता येते. तुम्हीही रोजची वेळ ठरवा, अर्धा तास का असेना, आणि शेवट लिहून होईपर्यंत मागची पाने उघडू नका.

संस्करण त्यानंतर, आणि मनापासून. समजा, खर्ड्यात असे वाक्य आहे : ‘आजोबा गेल्यावर घरात विषण्ण शांतता पसरली.’ हे वाक्य कोणाच्याही घराबद्दल लिहिता येईल. त्याऐवजी, ‘आजोबा गेल्यावरही आठवडाभर दुधाचा रतीब तेवढाच येत राहिला, गवळ्याला सांगायला कोणी धजले नाही,’ असे लिहिले तर घर दिसते, माणसे दिसतात आणि ‘विषण्ण’ हा शब्द लागतच नाही. असा तपशील पहिल्या बैठकीत क्वचितच हाती लागतो. म्हणून पुरा झालेला खर्डा पंधरा दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा आणि जीभ जिथे अडखळेल तिथे फक्त खूण करा. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करा.