मी मदतच करत होते, मग ते का चिडले?

‘ताई, दर रविवारी मी अपंग व्यक्तींच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाते. परवा व्हीलचेअरवरचे एक काका उंबरठ्यापाशी थांबले होते. मी धावत जाऊन मागून खुर्ची ढकलली, तर चारचौघांत ओरडले, “हात काढ!” घरी येऊन रडले. माझं काय चुकलं? आता जावंसंच वाटत नाही.’

तुला लागलं असणारच. पण त्या क्षणी काकांचे हात कुठे होते, आठव बरं. खुर्ची स्वतः चालवणाऱ्याचे हात चाकांच्या कड्यांवर असतात; मागून अचानक धक्का बसला तर बोटं अडकू शकतात. पुढची चाकं इवलीशी. ती उंबरठ्याला अडली आणि मागून जोर आला, तर माणूस तोंडावर पडू शकतो. मला वाटतं, काका आधी घाबरले आणि मग चिडले. आणि ते अडले होते कशावरून? नीट अंदाज घ्यायला थांबले असतील.

मीही हे केलंय. बोलताना शब्द अडकणाऱ्या एका मुलीची वाक्यं मी भराभर पुरी करायचे. एकदा तिने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चांगली दोन मिनिटं लागली. मी पाण्याचा पेला धरून उभी, आणि तिला हवी होती खिडकी उघडायला! तोवर किती वेळा तिने माझंच वाक्य निमूट मान्य केलं असेल, हा विचार अजून टोचतो.

अंध व्यक्तीलाही दंड धरून ओढू नये. सोबत हवी का विचारावं, ‘हो’ म्हणाली तर आपलं कोपर पुढे करावं. ती धरते, आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचं स्वातंत्र्य पहिल्याच तत्त्वात आहे. उंबरठा कसा ओलांडायचा, हाही निर्णयच.

तेव्हा या रविवारी जा. काकांच्या समोर, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बस आणि म्हण, “परवा न विचारता हात लावला, चुकलं माझं. कधी मदत लागली तर कशी करू, दाखवाल?” माफी याहून लांबवू नकोस, नाहीतर तुझी समजूत काढायचं काम त्यांच्यावर पडेल. ‘नको’ म्हणाले तर नको. मग नुसत्या गप्पा मार.