गॅरेजच्या शटरसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न (पेडणे तालुक्यातील एका वाचक भगिनीचा, थोडक्यात): पती शिपवर आहेत, तीन महिन्यांनी करार संपवून घरी येतील. घरी मी, दहावीतला मुलगा आणि व्हीलचेअरवरच्या सासूबाई. दिवसा त्यांच्यासाठी एक मावशी येतात. पुढच्या दाराला सोप्याच्या पाच पायऱ्या आहेत, म्हणून सासूबाईंना बाहेर काढायची सपाट वाट एकच, गॅरेजमधून. शेजारच्या वाड्यावर दोन घरफोड्या झाल्यापासून गॅरेजच्या शटरची धास्ती वाटते. शटर 10 बाय 8 फूट, मधोमध एकच कुलूप, उचलायला जड. एका एजन्सीने रिमोट आणि मोटरसह नव्या शटरचे 1,38,000 रुपये सांगितले, नाहीतर 12,500 चे 12 हप्ते. गावातला वेल्डिंगवाला आहे तेच शटर 27,000 मध्ये नीट करून देतो म्हणतो. दोन वर्षांची 2,00,000 ची ठेव आहे, 7 टक्क्यांची, मुदतीला 7 महिने बाकी. बचत खात्यात 45,000. घरखर्च महिना 38,000. ठेव मोडू, हप्ते घेऊ, की दुरुस्तीवर भागवू?

उत्तर: ताई, ठेव मोडू नका आणि हप्तेही घेऊ नका. काम वेल्डिंगवाल्याला द्या. मात्र त्याच्या 27,000 मध्ये काय काय यायला हवं ते आधी कागदावर लिहून घ्या.

आधी पैशांचं पाहू. ठेव आणि बचत मिळून तुमच्याकडे 2,45,000 आहेत, म्हणजे जवळपास साडेसहा महिन्यांचा घरखर्च. नोकरदाराच्या घरात एवढी शिल्लक पुरेशी म्हणता येईल. तुमचं गणित वेगळं आहे. तीन महिन्यांनी करार संपला की शिपवरचा पगार थांबतो आणि पुढची जॉयनिंग कधी येईल ते कंपनीच्या हातात. तो सगळा काळ तुम्हाला याच पैशांवर काढायचा आहे. 1,38,000 आज दिले तर उरतात 1,07,000, म्हणजे तीन महिन्यांनाही अपुरे. हप्ते घेतले तर महिन्याचा खर्च 38,000 वरून 50,500 होतो आणि पगार नसलेल्या महिन्यांतही हप्ता चुकत नाही.

हप्त्यांचे एकूण 1,50,000 होतात, म्हणजे 12,000 जास्त. 'वर्षाला जेमतेम नऊ टक्के' असं ते तुम्हाला सांगतील. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, त्यामुळे खरा दर वर्षाला साडेपंधरा टक्क्यांच्या वर पडतो. ठेव मोडण्याचाही खर्च आहे. जेवढे महिने पैसे राहिले त्या मुदतीचा दर बँक लावते आणि वर बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का दंड कापते. समजा 17 महिन्यांचा दर 6.6 टक्के असेल आणि दंड एक टक्का, तर तुम्हाला 5.6 नेच व्याज मिळेल, म्हणजे साधारण 4,000 चं नुकसान. रक्कम फार नाही, पण ती देऊन जे घ्यायचं त्याने चोर अडतो का, ते बघायला हवं.

मोटरने चोर अडत नाही. मोटर शटर वर-खाली करते. गिअरबॉक्समुळे ते खाली धरून ठेवलं जातं हे खरं, पण कटावणी लावून वाकवता येणारी पट्टी मोटर बसवल्याने जाड होत नाही. शटर जिथून फोडलं जातं त्या जागा ठरलेल्या आहेत आणि तुमच्या वर्णनावरून त्यातल्या निदान दोन तुमच्याकडे उघड्या आहेत.

पहिली जागा म्हणजे मधलं एकुलतं एक कुलूप. 10 फूट रुंदीत मध्येच अडवलेली खालची पट्टी दोन्ही टोकांना मोकळी राहते. शटर बंद करून, कुलूप लावून, आतल्या बाजूने एका कोपऱ्यात हाताने वर ओढून बघा. दोन-तीन बोटं शिरतील एवढी फट पडत असेल तर तिथे कटावणी सहज बसते. त्यासाठी दोन्ही टोकांना आतून सरकणारे अडसर हवेत. निदान 16 मिमी जाडीची सळई, खालच्या पट्टीतून चॅनलमध्ये (शटर ज्यातून वर-खाली सरकतं ती बाजूची लोखंडी खाच) आणि चॅनलमधून भिंतीत 7-8 सेंमी शिरणारी. हे अडसर हाताने सरकणारे असावेत, किल्लीचे नकोत. कारण पुढे येतंय.

दुसरी जागा चॅनलची पकड, आणि गोव्यात हीच जास्त फसवते. गॅरेजची भिंत बहुतेक चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असते. चिरा सच्छिद्र आणि मऊ. काँक्रीटसाठी बनवलेला साधा फुगणारा अँकर बोल्ट त्यात आवळला की भोवतालचा दगड चुरा होऊन सैल पडतो आणि वरच्या गिलाव्यामुळे ते दिसतही नाही. मग शटर कितीही भक्कम असो, अख्खं चॅनल भिंतीपासून सुटतं. वेल्डिंगवाल्याला सांगा, चॅनल दर 45-50 सेंमीवर भिंतीच्या आरपार बोल्टने धरायचं आणि पलीकडून 6 मिमीची लोखंडी पाटी लावून नट आवळायचा. आरपार जाणं शक्य नसेल तिथे जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट), किंवा तेवढा चिरा काढून काँक्रीटचा ठोकळा. 27,000 च्या कोटेशनमध्ये 'चॅनल फिटिंग' एवढंच लिहिलं असेल तर त्यात नेमकं काय करणार ते विचाराच.

बाकीचं झटपट सांगते. खालच्या चार-पाच पट्ट्या खाऱ्या वाऱ्याने कुजल्या असतील तर 18 गेजच्या जस्ती पत्र्याच्या नव्या घाला, 20 गेज घेऊ नका, तो पातळ असतो. एकाआड एक पट्टीच्या टोकाला एंड लॉक आहेत का बघा, नाहीतर पट्टी आडवी सरकवून बाहेर काढता येते. बाहेरून लावायची कुलपं दांडी झाकलेली घ्या, म्हणजे कटरला जबडा घालायला जागा मिळत नाही. आणि कुलपाइतकीच कडीही जाड हवी. हजार रुपयांचं कुलूप तीन मिमीच्या पत्र्याच्या कडीला लावून काही उपयोग नाही.

आता सासूबाईंचा विषय. माझ्या मते या व्यवहारात सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. तुमचं शटर म्हणजे त्यांचा एकमेव बाहेर पडायचा मार्ग. आग लागली, गॅस गळला, 108 ची गाडी आली, तर ते आतून, अंधारात, किल्ली न शोधता, एका माणसाला उघडता आलं पाहिजे. म्हणून अडसर हाताचे. घरात माणूस असताना शटरला बाहेरून कुलूप कधीही लावायचं नाही. मावशी दहा मिनिटं मासळी आणायला जाते म्हणून बाहेरून कुलूप घालते, हे बऱ्याच घरांत होतं, आणि म्हातारं माणूस आत कोंडलं जातं. पुढच्या दाराला आतून मुठीने उघडणारं नाईट लॅच बसवा, मावशी तिथून ये-जा करतील. बाहेरची कुलपं फक्त घर पूर्ण रिकामं असताना.

शटर जड लागतं याचं कारण बहुतेक स्प्रिंग. 80 चौरस फुटांचं शटर हाताने उचलण्याच्या आवाक्यातलं असतं. स्प्रिंगचा ताण गेला की सगळं वजन हातावर येतं. तपासणी सोपी आहे. शटर अर्ध्यावर नेऊन हात सोडा. नीट तोललेलं शटर तिथेच थांबतं. तुमचं धाडकन खाली येत असेल तर स्प्रिंग बदलायला झाल्या. (सासूबाईंची खुर्ची खाली असताना ही तपासणी करू नका, आणि स्प्रिंगला स्वतः हात लावू नका. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो.) नव्या स्प्रिंगनंतर मावशींना ते एका हाताने उचलता आलं पाहिजे. चॅनलमध्ये ग्रीस भरू देऊ नका, वाळू चिकटून शटर अडकतं. सिलिकॉनचा स्प्रे पुरे.

वाटही मोकळी हवी. व्हीलचेअर सहसा 65-70 सेंमी रुंद असते, तेव्हा 90 सेंमीची पट्टी जमिनीवर पिवळ्या रंगाने आखून टाका. 10 फुटांत छोटी गाडी एका भिंतीला धरून लावली तर एवढी जागा निघते. स्कूटर मात्र तिथे बसणार नाही.

गॅरेजमधून घरात येणारं आतलं दार कसलं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पोकळ फ्लश दार आणि एक बारीक कडी असेल तर शटर फुटल्यावर चोर थेट स्वयंपाकघरात. भरीव दार, चौकटीत खोल गेलेल्या स्क्रूंच्या बिजागऱ्या, घराच्या बाजूने वर आणि खाली अशा दोन कड्या. गॅरेजमध्ये आग लागली तर हेच दार धूरही अडवतं. यासाठी 9,000 वेगळे काढा, कुलपं आणि नाईट लॅचसाठी 5,000.

मोटर कायमची नको असं नाही. मावशींच्या खांद्याला किंवा तुमच्या कंबरेला स्प्रिंग बदलूनही शटर झेपत नसेल तर मोटर ही गरज आहे, चैन नाही. तेव्हाही एजन्सीला तीन गोष्टी विचारा. वीज गेल्यावर शटर कशाने उघडायचं, साखळीने की हँडलने, आणि अर्ध्या उंचीपर्यंत यायला किती वेळ लागतो? जूनमध्ये पेडण्यात वीज तासन्‌तास जाते, आणि घरातल्या लहान इन्व्हर्टरवर शटरची मोटर सुरू होईलच असं नाही, सुरुवातीचा झटका मोठा असतो. रिमोटचा कोड दर वेळी बदलणारा आहे का? एकच कोडवाले स्वस्त संच नक्कल करता येतात. आणि विजांच्या दिवसांत कंट्रोल बोर्ड जळू नये म्हणून सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग 1,38,000 मध्ये धरलंय का? पतींची पुढची जॉयनिंग ठरली आणि शिल्लक पुन्हा सहा महिन्यांवर आली की हा विचार करा. स्प्रिंगच्या शाफ्टवर बसणाऱ्या मोटरी मिळतात, त्यामुळे आताची दुरुस्ती वाया जाणार नाही.

विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून नसावा असं धरते. सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी आहे. आग, वीज, वादळ, पूर यांसाठी ती चांगली, पण चोरी त्यात फक्त अशा आपत्तीमुळे आणि ती झाल्यापासून 7 दिवसांत झाली तरच धरली जाते. घरफोडीसाठी वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं आणि दागिन्यांसाठीही वेगळं. घरफोडीच्या दाव्यात जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा विचारल्या जातात. तुळशी वृंदावनाच्या कोनाड्यातली किल्ली वापरून कोणी आत आलं तर दावा अडकतो. जादा किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे बंद पाकिटात ठेवा. घर सलग काही दिवस बंद राहिल्यास संरक्षण थांबतं, अशी अटही बऱ्याच पॉलिसींत असते. किती दिवस, ते सही करण्याआधी वाचा. गाडीची चोरी गाडीच्या पूर्ण विम्यातून मिळते, नुसत्या थर्ड पार्टीतून नाही, आणि त्या वेळी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली गॅरेजच्या खिळ्याला असेल तर आजच आत न्या. प्रीमियमसाठी 6,000 ची मर्यादा धरा.

एकूण झाले 47,000. शटर आणि कुलपांचे 32,000 या महिन्यात बचत खात्यातून, दार आणि विम्याचे 15,000 पुढच्या महिन्याच्या पगारातून. ठेवीला हात लागत नाही. मध्येच हात आखडला तर ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उचल घ्या. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त लागतात, तेही वापरलेल्या रकमेवरच. 20,000 तीन महिने वापरले तर 8 टक्क्यांनी 400 रुपये.

वेल्डिंगवाल्याला आगाऊ 8,000 पेक्षा जास्त देऊ नका. शेवटचे 5,000 तुमच्यासमोर तपासणी झाल्यावरच द्या: शटर अर्ध्यावर थांबतं, मावशी एका हाताने उचलतात, कोपऱ्यात फट पडत नाही, दोन्ही अडसर दिवे बंद करूनही सरकतात. पक्कं बिल घ्या आणि आरपार बोल्टांचे फोटो गिलावा करण्याआधी काढा, दाव्याच्या वेळी लागतात.

आणि ठेव कोणाच्या नावावर आहे ते बघा. फक्त पतींच्या नावावर असेल तर ते शिपवर असताना ओव्हरड्राफ्ट तुम्हाला मिळणार नाही. ते घरी आल्यावर, पुन्हा जॉइन व्हायच्या आत, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल अशी संयुक्त ठेव करून घ्या.