पांढरीत खणताना

अनेक आशीर्वाद.

ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननावर पहिल्यांदाच जाणार आहेस, तर एक सवय आत्ताच लाव. खड्डा दिसला की तो कुठून खणलाय ते आधी बघायचं, आत काय आहे ते नंतर.

शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, हे गावातल्या कोणालाही ठाऊक असतं. चुलींची राख, ढासळलेल्या भिंती, शेण, हाडं साचत जातात आणि माती फिकट होते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेलं इनामगाव अशीच एक पांढर. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा हंगाम खणून तिथे शंभरावर घरं उघडी केली. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात आधी माळवा, मग पूर्व (आधीची) जोर्वे, मग उत्तर (नंतरची) जोर्वे अशा संस्कृतींचे थर एकावर एक बसलेत. त्या लोकांचं मुख्य पीक सातू, म्हणजे जव.

आता गोम अशी की ही माणसं सतत खड्डे खणत. धान्याची पेवं असत. चार पायांचा रांजण ठेवायला गोल खळगा करून त्यात चार चपटे दगड मांडत. लहान मूल गेलं तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. यातला प्रत्येक खड्डा वरच्या जमिनीतून खालच्या, जुन्या थरात घुसतो. म्हणून उत्तर जोर्वे काळातलं मूल पूर्व जोर्वे घराच्या पातळीला सापडू शकतं. नुसती खोली मोजून शेजारच्या खापरांवरून काळ ठरवलास, तर दोन-चार शतकांची चूक सहज होते.

खड्ड्याचं तोंड शोधायचं ते असं. सकाळच्या तिरप्या उन्हात खड्ड्याच्या आसपासचा भाग खुरपीने तासून घे आणि फवाऱ्याने हलकं पाणी मार. सारवणाचे थर घडीच्या पोळीच्या पदरांसारखे दिसतात. ते खड्ड्यावरून सलग गेले असतील तर खड्डा त्या जमिनीआधीचा, काठाशी तुटले असतील तर नंतरचा. भराव खचला की घरच्यांनी वरून नुसतं ठिगळ लावलेलं असतं. तेही सलगच वाटतं, पण ते मधे जाड आणि कडेला पातळ असतं. मग खड्डा उभा अर्धाच काप, छेदाचं चित्र काढ, आणि त्यानंतरच उरलेला अर्धा उचल. घाईत अख्खा उपसलास तर पुरावा घमेल्यातून ढिगाऱ्यावर गेला म्हणून समज.

फसवणारे दोघं आहेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची खापरं त्या भेगांतून खाली उतरतात. दुसरे उंदीर-घुशी. खांबाचा खळगा सरळ खाली जाऊन तळाशी संपतो, बीळ आडवं वळतं आणि आतली माती भुसभुशीत असते. बिळातला जळका दाणा काळमापनाला कधीच देऊ नकोस.

दाण्यांसाठी प्रत्येक संदर्भातून, म्हणजे प्रत्येक वेगळ्या थरातून किंवा खड्ड्यातून, मोजून २० लिटर माती घे, पाण्यात कालव, आणि वर तरंगलेलं अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर धर. वाळवायचं सावलीत; उन्हात जळके दाणे तडकतात. कार्बन काळमापनाला तुळईच्या कोळशापेक्षा सातूचा दाणा बरा. दाणा एका हंगामाचा असतो, लाकूड मात्र घर बांधलं तेव्हाच शंभर वर्षांचं असू शकतं. चिठ्ठ्या दोन, एक पिशवीत आणि एक बाहेर, दोन्ही पेन्सिलने लिहिलेल्या. शाई ओलीत पसरते.

गोल झोपडी लागली की लगेच ‘दुष्काळ’ लिहू नकोस. इनामगावात आधीची चौकोनी घरं जाऊन उत्तर जोर्वेत गोल झोपड्या आल्या, आणि तिथे उत्खनन केलेल्या पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी त्याचा संबंध कोरड्या पडलेल्या हवामानाशी लावला. पण तो निष्कर्ष पूर्ण वस्तीवरून काढलेला होता. एका चरातून तो निघत नाही.

शेवटचं प्रौढांच्या दफनांबद्दल. इनामगावात पावलं घोट्याखाली तोडून पुरायची रीत होती. त्यामुळे पायाशी हाडं नसली की तीच रीत सापडली म्हणून सगळे खूश होतात. तिथे कुंचला हळू चालव आणि कबरीची पायाकडची कड शोध. ती अखंड असेल तर पावलं पुरण्याआधीच गेली होती. कड तुटलेली असेल आणि पलीकडे राखट माती लागली, तर नंतरच्या कोणीतरी पेव खणताना ती नेली असू शकतात. कड कशी होती ते नोंदवहीत त्याच दिवशी लिही, दुसऱ्या दिवशी ऊन-वाऱ्याने ती दिसेनाशी झालेली असते.