अंगण साफ करायला एफडी मोडावी का?

दहिसरच्या एका ताईंचा प्रश्न: वादळात अंगणातला गुलमोहर कुंपणाच्या भिंतीवर पडला. भिंत अर्धी कोसळली, उरलेलीला तडे गेले. ठेकेदार सगळ्याचे मिळून 1,80,000 रुपये सांगतो. झाड कापून उचलायचे 35,000, नव्या भिंतीचे 80,000, पेव्हर ब्लॉकचे 45,000 आणि ‘पुन्हा धोका नको’ म्हणून उभा आंबा व दोन माड तोडायचे 20,000. बचत खात्यात 60,000 आहेत, यजमानांची पेन्शन चालू आहे, घराचा विमाही आहे. तीन लाखांची पाच वर्षांची एफडी दोन वर्षं झाली असताना मोडावी का?

ताई, एफडी मोडू नका. पण त्याआधी एक काम करा: अंगणातली फांदीसुद्धा उचलायच्या आधी चारी बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा आणि विमा कंपनीला कळवा. लोक घाईने सगळं स्वच्छ करतात आणि सर्व्हेअर येतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. तुमची पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ असेल, तर वादळाचं नुकसान त्यात येतं आणि कुंपणाची भिंत घराचाच भाग धरली जाते. मात्र राडारोडा उचलायचा खर्च दाव्याच्या रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंतच मिळतो. भिंतीचा 80,000 चा दावा मंजूर झाला, तर त्यापोटी फार तर 1,600 रुपये. म्हणजे सफाईचा खर्च जवळजवळ सगळा तुमच्याच खिशातून जाणार. त्याची तजवीज बचत खात्यातून करा.

आता एक लाख ऐंशी हजारांची फोड करू. झाड उचलणं आणि तडे गेलेली भिंत उतरवून घेणं, ही दोनच कामं आत्ताची. इथे पैसे वाचवू नका. जुलै 2019 मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून किती माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. तुमच्या भिंतीपलीकडून लोक ये-जा करत असतील, तर हा प्रश्न पैशांचा उरतच नाही. उघड्या बाजूला तात्पुरते पत्रे ठोका. पक्की भिंत पावसाळ्यानंतर बांधा. पाणी साचलेल्या जमिनीत पाया नीट धरत नाही, आणि तोवर विम्याचंही कळेल. पेव्हर ब्लॉक तर सध्या नकोतच. आज मातीत मुरणारं पाणी उद्या तुमच्या जोत्याशी येऊन थांबेल.

आंबा आणि माडांबद्दल मला ठेकेदाराचं अजिबात पटलं नाही. जिवंत झाड स्वतःच्या आवारात असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. 1975 चा कायदा आहे. वॉर्डाच्या उद्यान खात्यात अर्ज करा, ते पाहणी करतील. गरज असलीच तर बहुधा छाटणीवर भागेल.

भिंतीच्या वेळी पैसे कमी पडलेच, तर एफडीवर कर्ज घ्या. व्याज साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं. 70,000 रुपये सहा महिन्यांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर व्याज तीन हजारांच्या आत. उलट मुदतीआधी मोडल्यावर बँक दोन वर्षांचाच दर देते आणि त्यातून दंडही कापते. दर दीड टक्क्याने जरी खाली आला, तरी तीन लाखांवर दोन वर्षांचे नऊ हजार जातात. तुमच्या बँकेचे दोन्ही आकडे मागून घ्या आणि समोरासमोर मांडा.

ठेकेदाराकडून प्रत्येक कामाचा दर वेगळा, लेखी घ्या. ओंडके कोण नेणार हेही आधीच ठरवा. तो नेणार असेल तर 35,000 मधून काही कमी करायला सांगा. पालापाचोळा मात्र नेऊ देऊ नका, मागच्या कोपऱ्यात खड्डा करून टाका, आंब्याला खत होईल. आगाऊ रक्कम तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, आणि शेवटचे पैसे शेवटची गाडी भरून गेल्यावरच द्या.