१७८० आणि १८८५: दोन कॉर्सेटांचं सामान एकत्र मागवू नका

नाटकासाठी दोन पोशाख शिवायचेत, एक १७८०च्या सुमाराचा फ्रेंच आणि दुसरा १८८५चा इंग्लिश. दोन्हींच्या आतल्या कॉर्सेटांसाठी (नाडीने आवळायच्या घट्ट आतल्या पोशाखांसाठी) बस्क (पुढून उघडण्या-मिटण्यासाठी धातूच्या पट्ट्यांची जोडी, एकीला कड्या, दुसरीला खुंट्या), आयलेट (नाडीच्या भोकांची धातूची कडी) आणि बोनिंग (ताठपणासाठी आत घालायच्या पट्ट्या) एकाच ऑर्डरमध्ये मागवू का, असं तुम्ही विचारलंय. थांबा जरा. शंभर वर्षांच्या अंतरात आतलं सगळं सामान बदललंय.

१७८०च्या पोशाखाला धातूचं काहीच लागत नाही. आयलेट कॉर्सेटमध्ये यायला लागली ती १८२०च्या दशकाच्या अखेरीस, आणि पुढून उघडणारा बस्क एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुळला. त्याआधी नाडीची भोकं हातानेच शिवत. टोच्याने भोक पाडायचं, धागे तुटू न देता बाजूला सारायचे आणि कडेने जाड दोऱ्याचे टाके घट्ट घालायचे. काज करायची सवय असेल तर हात लगेच बसतो. भोकं समोरासमोर नकोत. दोन्ही बाजूंची थोडी वरखाली ठेवा, कारण तेव्हा एकच नाडी नागमोडी ओवत.

बोनिंग तेव्हा व्हेलचं असे. ते खरं तर हाड नाही, व्हेलच्या तोंडातल्या पट्ट्या, आपल्या नखांच्या जातीच्या. आता त्याच गुणाची जर्मन प्लास्टिकची पट्टी मिळते, पण रंगमंचासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातले जाड केबल टाय झकास चालतात. डोकं कापा, टोकं कानशीने गोल करा. ब्लाउजला लावतात ते पातळ प्लास्टिक मात्र घेऊ नका, अंगाच्या उबेने वाकतं आणि वाकलेलंच राहतं.

खरा खर्च १८८५च्या कॉर्सेटचा. प्रवेशांमध्ये झटपट कपडे बदलायचे असतील तर बस्क हवाच. इथे तो सुटा मिळणं कठीण, बाहेरून मागवावा लागेल. त्या दशकात खाली पोटाशी रुंद होणारा, चमच्यासारखा वळलेला बस्क चालत होता. बजेट नसेल तर न वळलेला, सरळ बस्क घ्या, पोशाखाखाली कुणाला दिसतोय? कड्यांची बाजू घालणारीच्या उजवीकडे, खुंट्यांची डावीकडे. कड्यांच्या बाजूला शिवण घालताना प्रत्येक कड्यापुरती जागा मोकळी सोडायची. खुंट्यांच्या बाजूला कात्री लावायची नाही, टोच्यानेच भोक मोठं करून खुंटी बाहेर काढायची. आणि नटीला बजावून ठेवा: आधी मागची नाडी सैल, मगच बस्क उघडायचा. ताणलेला असताना ओढला तर खुंट्या वाकतात.

आयलेट दोन भागांचीच घ्या, मागे वॉशर असलेली. बॅगा आणि ताडपत्री शिवणाऱ्यांकडे डायसकट (ठोकून बसवायच्या साच्यासकट) मिळतात. एका भागाची असतात त्यांच्या पाकळ्या मागे फुटतात आणि नाडी कापतात. इथेही पंचने कापड उडवू नका. आयलेटच्या नळीपेक्षा भोक जरा लहान ठेवा, टोच्याने धागे सारा, नळी दाबून बसवा आणि मगच हातोडी. आयलेटच्या दोन्ही अंगांना चपटी स्टीलची पट्टी असलीच पाहिजे, नाहीतर नाडी ओढताच मागची कड चुरगळते.

वळणाच्या शिवणींत स्पायरल स्टील (वेटोळ्या तारेची चपटी पट्टी) घाला. ते विसाव्या शतकातलं आहे, पण दोन्ही दिशांना वाकतं आणि आत लपतं, म्हणून मी तरी हरकत घेत नाही. कापलेल्या टोकांना प्लंबरची पांढरी टेप दोन-तीन वेढे. पट्टी खोबणीपेक्षा सेंटिमीटरभर आखूड ठेवा, नाहीतर टोक गोटातून बाहेर येईल.

कापडाचं थोडक्यात: कूटिल (कॉर्सेटासाठीचं खास घट्ट कापड) नाही मिळालं तर घट्ट विणीचं सुती ड्रिल, दुहेरी. स्ट्रेच असलेलं अजिबात नको. १७८०चं कॉर्सेट आधी शिवून घ्या, त्याला लागणारं सगळं तुमच्या शहरातच मिळेल. तोवर बस्क येईल. मागवताना नटीची छातीपासून पोटापर्यंतची पुढची उंची मोजा, तीही बसलेली असताना. उभ्या मापाचा बस्क खुर्चीत बसलं की मांडीत टोचतो.